लाईट गेल्यावर कोणता दिवा जास्त वेळ टिकतो? कंदील, बल्ब आणि एलईडी कसे चालतात?

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेलं. वीज गेली, मोबाईलचं नेटवर्कही गेलं. कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनच्या आसपासची गावं असोत की पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या, पावसाळ्यात लाईट जाणं इथे नेहमीचंच. अशा रात्री घरातला दिवा किती तास साथ देईल, हे त्यात प्रकाश कसा तयार होतो यावर अवलंबून असतं.

प्रकाश तयार होतो कसा?

ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिली, एखादी वस्तू इतकी तापवायची की ती उजळते. सूर्य, मेणबत्ती, कंदील आणि जुना पिवळा बल्ब या गटातले. दुसऱ्या पद्धतीत वस्तू तापवावी लागत नाही. इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या पातळीवरून खाली येतात आणि उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. ट्यूबलाईट आणि एलईडी या गटात येतात. पावसाच्या तोंडावर झाडांवर चमकणारे काजवेही याच गटातले, फक्त त्यांना ही ऊर्जा शरीरातल्या रासायनिक क्रियेतून मिळते.

कंदील आणि मेणबत्ती

वात रॉकेल वर खेचते, त्याची वाफ होते आणि ती जळते. ज्योतीचा पिवळा रंग येतो तो तापलेल्या काजळीच्या बारीक कणांमुळे. म्हणूनच कंदिलाची काच काळी पडते. बंद खोलीत ज्वलन अपुरं झालं तर कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कंदील पेटता असताना खिडकी थोडी उघडी हवीच.

पिवळा बल्ब

यात टंगस्टनची बारीक तार वीज वाहिल्यामुळे सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. हवेत ती लगेच जळून जाईल, म्हणून आत ऑरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरतात. पण ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेतच जाते.

ट्यूबलाईट आणि सीएफएल

नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. काचेच्या आतली पांढरी पावडर ते शोषून दिसणारा प्रकाश देते. नळी फुटली तर खिडक्या उघडा आणि तुकडे उघड्या हाताने उचलू नका, कारण आत थोडा पारा असतो.

एलईडी

एलईडीमध्ये अर्धवाहकाचे दोन थर असतात. एका थरात जादा इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा. वीज दिली की इलेक्ट्रॉन या जागांमध्ये येतात आणि प्रकाश निघतो. लाल एलईडी १९६०च्या दशकातच आला, पण घर उजळण्याइतका प्रखर निळा मिळायला १९९०चं दशक उजाडलं. निळ्या एलईडीवर पिवळी पावडर लावली की पांढरा प्रकाश मिळतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग हिशोब काय सांगतो?

६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका प्रकाश साधारण ९ वॉटचा एलईडी देतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास ऊर्जा असते. गळती धरून त्यातली ३० वॉट-तास वापरता येते असं मानूया. एवढ्या ऊर्जेवर:

- ६० वॉटचा बल्ब चालेल अर्धा तास
- ९ वॉटचा एलईडी चालेल तीन तासांहून थोडा जास्त
- १ वॉटचा छोटा यूएसबी एलईडी चालेल सुमारे ३० तास

पॉवर बँकेला घरातला बल्ब थेट जोडता येत नाही. ही तुलना फक्त ऊर्जेची आहे. यूएसबीवरचा छोटा दिवा मात्र लगेच लावता येतो. पावसाळ्यापूर्वी तो आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवली, तर सगळी रात्र निघते आणि मोबाईलची बॅटरी फोनसाठी उरते.

घाटात आणि रुळांवर

कशेडी किंवा आंबेनळी घाटात धुकं असेल तर गाडीचा हाय बीम लावू नका. धुक्याचे थेंब तो प्रकाश उलट डोळ्यांकडेच फेकतात. लो बीम खाली रस्त्यावर पडतो. कोकण रेल्वेनेही पावसात सिग्नल नीट दिसावेत म्हणून एलईडी सिग्नल वापरात आणले. त्यात अनेक एलईडी एकत्र असतात, त्यामुळे एखादा बंद पडला तरी सिग्नल विझत नाही.

पूर ओसरल्यावर

भिंतीतले बोर्ड किंवा मीटर भिजले असतील तर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. घरात गॅसचा वास येत असेल तर काडी पेटवू नका आणि कोणतंही बटण दाबू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि टॉर्चही बाहेर गेल्यावरच लावा.