लडाखचा पेराक

दागिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोने येते. परंतु श्रोतेहो, हिमालयापलीकडच्या लडाखात बायकांच्या ज्या दागिन्याला सर्वांत मान, त्याचे मोल सोन्यावर ठरत नाही. त्याचे नाव पेराक.

कपाळापासून पाठीवर उतरणारी कातड्याची पट्टी, तिच्यावर तांबडे कापड आणि त्यावर ओळीने शिवलेले निळे-हिरवे पिरोजे. जोडीला पोवळी आणि चांदीची ताईतपेटी. दोन्ही कानांवर काळ्या कोकराच्या कातड्याचे पंखे. बघणाऱ्याला वाटावे, नागाने फणा काढला आहे! पिरोज्यांच्या ओळींवरून घराण्याचा दर्जा कळे. राणीला नऊ ओळींचा मान. साध्या शेतकरणीच्या पेराकावर तीनच.

आता हे खडे आले कोठून? पिरोजे मुख्यतः तिबेटातून येत. पोवळी तर थेट भूमध्य समुद्रातली. लेह हे गाव काश्मीर, पंजाब, यारकंद आणि तिबेट यांच्या वाटांवरचे. १६८४ च्या तहाने लेहहून ल्हासाला दर तीन वर्षांनी भेटी घेऊन तांडा जाण्याचे ठरले, आणि भेटींबरोबर व्यापारही चाले. म्हणजे जी बाई आपल्या खोऱ्याबाहेर कधी गेली नसेल, तिच्या डोक्यावर अर्ध्या जगाचा व्यापार मिरवत असे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेतीवाडी थोरल्या मुलाकडे जाई. पेराक मात्र आईकडून थोरल्या लेकीकडे, तिच्या लग्नात. आपण ज्याला स्त्रीधन म्हणतो, तेच हे. घरात बरकत आली की खडे वाढत. म्हणून पेराक म्हणजे नुसता शृंगार नव्हे. ती आई, आजी, पणजी यांच्या हातची जमाखर्चाची वहीच होय.

पुढे वाटा मिटल्या. १९४९ मध्ये यारकंदचा रस्ता बंद पडला, आणि १९६२ च्या युद्धानंतर तिबेटचाही. १९७४ पासून लडाख प्रवाशांना खुले झाले. मग जुने खडे, कधी अख्खे पेराक, विक्रीला निघाले. आज पेराक दिसतो तो बहुधा लग्नकार्यात नि सणासुदीला.

विकलेला खडा बाजारात नुसता खडाच राहतो. तो कोणाच्या आईने, कोणत्या वर्षी, काय विकून घेतला, हे सांगणारे माणूस तिथे नसते. गुरुजनांनो, मुलांना इतिहास शिकवताना तह नि लढाया जरूर सांगाव्यात. पण आजीच्या पेटीतल्या दागिन्यालाही एकदा विचारावे, ‘बाबा रे, तू आलास कोठून?’