मातीच्या धरणाची राखण

कोल्हापूरच्या पाण्याचा इतिहास म्हटलं की आपल्यापैकी प्रत्येकाला राधानगरी आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानाचं पाटबंधारे धोरण जाहीर केलं आणि पुढे काही वर्षांत भोगावती नदीवर या धरणाचं काम सुरू झालं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरं होतं. पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. एवढा भाग आपण शाळेत शिकलो, शाहू जयंतीच्या भाषणांत घडाघडा म्हटलाही. पण त्याच धोरणात गावोगावच्या विहिरी-तलावांची पाहणी करायची, जुन्या तलावांची डागडुजी करायची, हेही होतं. तो भाग आपल्या भाषणांत सहसा येत नसे. हा लेख त्या लहान तलावांबद्दल आहे.

आपल्या भुदरगडसारख्या डोंगरी तालुक्यात पाऊस उदंड पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून तसाच वेदगंगेला धावतो. ओढे फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात. नदीकाठच्या गावांना पाटगावच्या धरणाचा, म्हणजे मौनीसागराचा आधार आहे. वरच्या अंगाच्या गावांना आणि वाड्यांना तो कसा मिळणार? म्हणून दोन टेकड्यांमधली अरुंद जागा बघून ओढ्यावर मातीचा बांध घालायचा. दोन हजार हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या अशा कामांना सरकारी भाषेत लघु पाटबंधारे म्हणतात. त्यातून कालव्याला किंवा ओढ्याला पाणी सुटतं, जनावरांची सोय होते आणि बांधाखालच्या विहिरींना पाझर मिळतो. विहिरीला चैत्रात पाणी असलं की घरातल्या बाईची मैलभराची पायपीट वाचते. हा फायदा लाभक्षेत्राच्या आकड्यात कुठेच मोजला जात नाही.

मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. मधोमध पाणी न झिरपणाऱ्या चिकणमातीचा गाभा असतो, तो जमिनीखाली पायाच्या चरात उतरवलेला असतो. दोन्ही अंगांना मुरमाड मातीचा भराव, तोही थराथरानं पाणी मारून दाबलेला. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खचू नये म्हणून दगडांचं अस्तर, म्हणजे पिचिंग. जास्तीचं पाणी जायला एका बाजूला सांडवा आणि हवं तेव्हा पाणी सोडायला बांधाच्या पोटातून गेलेली मोरी.

अशा धरणाला मुख्य धोके दोन. सांडवा अपुरा पडला किंवा तुंबला तर पाणी बांधावरून वाहतं आणि काही तासांत बांध कापून काढतं. दुसरा धोका आतला. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो, आणि तो नितळ असेल तर घाबरायचं कारण नाही. पण पाझराचं पाणी गढूळ येऊ लागलं की समजावं, ते आतली माती घेऊन बाहेर पडतं आहे. मोरीच्या कडेनं, मोठ्या झाडाच्या कुजलेल्या मुळाच्या वाटेनं किंवा बिळातून अशी पोकळी वाढत जाते. बाहेरून बांध हिरवागार, धडधाकट दिसतो.

आपल्या जिल्ह्याच्याच नावानं राज्यभर ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा याच्या अगदी उलट आहे. पावसाळा सरला की त्याला बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. माणसाचा हात लागल्याशिवाय तो पाणी अडवतच नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा तरी कोणाला तरी तिथे जावं लागतं. मातीचं धरण असं काही मागत नाही. ते वर्षानुवर्षं मुकाट काम करतं, म्हणून त्याच्याकडे बघायचं राहून जातं.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आपल्या तालुक्यातला मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव फुटला. तो फार जुना नव्हता. पावसाळा संपत आलेला, तलाव भरलेला. गळतीच्या तक्रारी गावकरी आधीपासून करत होते. त्या रात्री नवले गावातली एक महिला वाहून गेली, जनावरं दगावली, उभी पिकं गेली. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतं. पण ओढ्याकाठच्या शेतांतली माती वाहून जाऊन खाली दगडगोटे उरले, त्याचं काय? शिवाय ज्या पाण्याच्या भरवशावर शेती उभी राहिली होती, ते पाणीही एका रात्रीत गेलं.

दोन वर्षं आधी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं होतं आणि वीसहून अधिक माणसं गेली होती. तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं असं तत्कालीन जलसंधारण मंत्री म्हणाले आणि राज्यभर त्यांची थट्टा झाली. खरं तर बिळांमुळे मातीचा बांध कमकुवत होऊ शकतो, हे चूक नाही. पण म्हणूनच तर बांधाची पाहणी करायची असते. खेकडा आपल्या स्वभावानुसारच वागतो. बिळं शोधून बुजवणं हे माणसाचं काम आहे.

मेघोलीनंतर चारच महिन्यांत, डिसेंबर २०२१ मध्ये, देशाचा धरण सुरक्षा कायदा अमलात आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून बुटकी असंख्य धरणं त्याच्या बाहेर आहेत. त्यांची राखण उरते ती स्थानिक कार्यालयांवर आणि गावावर.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. तिथेही नव्या गोष्टीच्या उद्घाटनाला गर्दी असते आणि देखभालीचा खर्च मंजूर करून घेताना घाम फुटतो. धरणाच्या बाबतीत मात्र हा खर्च टाळण्याची किंमत बांधाखाली झोपलेली माणसं मोजतात.

आपल्या वर्गातले कितीतरी जण आज गावाकडे आहेत. कोणी शेती करतं, कोणी ग्रामपंचायतीत आहे, कोणी शिक्षक आहे. त्यांना एक विनंती. मे महिन्यात एकदा आणि तलाव भरल्यावर ऑगस्टमध्ये एकदा, गावच्या तलावाच्या बांधावरून चालत जा. सांडव्यात झुडपं वाढलीत का, पिचिंग ढासळलंय का, पायथ्याला नवी ओल आहे का, मोरीशी येणारं पाणी नितळ आहे की गढूळ, एवढंच बघा. काही वावगं दिसलं तर फोटो काढून तारखेसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. शाळेतल्या मुलांनाही सोबत न्या. राधानगरीचा धडा त्यांना पुस्तकात मिळेलच, हा दुसरा धडा बांधावरच शिकवावा लागेल.