श्रमाच्या वाटेने विद्यापीठात



परोपकार आणि विद्यापीठ यांचा संबंध निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या उभ्या राहतात. त्या दात्यांचे ऋण मी नाकारीत नाही. परंतु महाराष्ट्रात एक लोकोपकारी चळवळ विद्यापीठात पोचली ती कुदळीच्या बळावर. तिचा इतिहास मला सांगावयाचा आहे.

१८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल निघाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तेथे गरीब कामगारवस्तीत येऊन राहू लागले. विद्यापीठ गरिबांच्या दारी गेले. आपल्याकडे उलट घडले. गरीबच विद्यापीठाच्या दारी गेले आणि आपली रीत बरोबर घेऊन गेले.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसू लागली. गावोगावच्या बायाबापड्यांनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य घातले. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तथापि, मुलांनी फुकट खावे हे भाऊरावांस मान्य नव्हते. राबावे आणि शिकावे, हा तेथला नेम. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा व शिका' ही रीत महाविद्यालयात शिरली. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या माणसास डी. लिट्. देऊन गौरविले. पुढे त्याच विद्यापीठात त्यांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना आली, आणि तिचा लाभ आपल्या नाशिक जिल्ह्यापर्यंत पोचला.

हा विजय खराच. पण चळवळीची योजना झाली म्हणजे काय बदलते, तेही पाहिले पाहिजे. साताऱ्याच्या वसतिगृहात श्रम हा सगळ्यांचाच नेम होता. तेथे राबणारा मुलगा वेगळा दिसत नसे. योजनेत अर्ज आला, आणि अर्जात गरिबीचा दाखला आला. बागेत पाणी घालणारा, ग्रंथालयात पुस्तके लावणारा मुलगा गरीब म्हणून ओळखला जाऊ लागला. श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्यासाठी निघालेली रीत अशाने दारिद्र्याची खूण होऊन बसेल. म्हणून कामगार संघटनेतला माणूस या नात्याने माझे दोनच आग्रह आहेत : त्या मुलाच्या हाती पडते ते मदत नव्हे, मजुरी आहे, तेव्हा ती रास्त असावी आणि वेळेवर मिळावी, आणि सुखवस्तू घरच्या मुलांनीही त्याच्या शेजारी कुदळ धरावी.

१९२८ पासून आपल्या नाशिक रोडला नोटा छापल्या जातात. नोट दानात मिळो की घामाच्या मोबदल्यात, तिच्यावरची किंमत बदलत नाही. घेणाऱ्याची मान मात्र एकीने झुकते, दुसरीने ताठ राहते. विद्यापीठात न्यावयाची आहे ती ही दुसरी नोट.