सुजलेल्या पायाची गोष्ट

मी बोलतोय खापरखेड्यातून, वीज केंद्राच्या धुराड्यांच्या गावातून. माझ्या मावशीची केमो सुरू होती, तेव्हा तिचा एकच पाय सुजला. आम्हाला वाटलं, नागपूरच्या बसमध्ये बसून अवघडला असेल. दोन दिवस शेकत बसलो. निघाली रक्ताची गुठळी!

ही खूण दीडशे वर्षांपूर्वीच एकानं ओळखली होती. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो १८६० च्या दशकात विद्यार्थ्यांना सांगायचे: उगाच शिरेत गुठळी झाली, तर आत कॅन्सर लपलेला असू शकतो. १८६७ च्या जानेवारीत त्यांच्याच हाताची शीर सुजली. ते काय ते समजले. त्याच जूनमध्ये पोटाच्या कॅन्सरनं गेले.

असं का होतं? कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात. शरीरात दाह वाढतो, तोही रक्त गोठवायला हातभार लावतो. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेततं.

त्रूसोंकडे यावर औषध नव्हतं. मावशीला गुठळी वाढू न देणारी इंजेक्शनं मिळाली, ती वाचली. म्हणून सांगतो, कॅन्सरच्या पेशंटचा एकच पाय सुजला किंवा अचानक दम लागला, तर शेकत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.