दगडावरची नावे: बेडसे, भाजे, कार्ले आणि नाईलकाठ

१/१४
इजिप्तमधील लक्सर येथे सहलीचा एक ठरलेला दिवस असतो. सकाळी नाईलच्या पश्चिम तीरावरील राजांच्या खोऱ्यातील थडगी, दुपारनंतर पूर्व तीरावरील कर्नाक आणि लक्सरची मंदिरे. मृतांची घरे आणि देवांची घरे एकाच दिवसात. पुणेकरांना असा दिवस अनुभवायचा असेल, तर लोणावळा लोकल पुरते. कामशेत आणि मळवली ही दोन स्थानके. बेडसे, भाजे आणि कार्ले ही तीन लेणी.

२/१४
ही लेणी मावळातच का? कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल सह्याद्रीच्या घाटवाटांनी देशावर चढे आणि पुढे जुन्नर, पैठण, तेर अशा बाजारपेठांकडे जाई. त्यांपैकी एक महत्त्वाची वाट बोरघाटाची. पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्षूंना निवारा हवा होता आणि व्यापाऱ्याला पुण्य हवे होते. या दोन गरजा मिळून डोंगर कोरला गेला.

३/१४
पहिला मुक्काम बेडसे. हे लेणे पूर्वाभिमुख आहे, म्हणून जाणकार मार्गदर्शक येथे सकाळीच आणतो. कोवळ्या उन्हात व्हरांड्यातील उंच स्तंभ उजळतात आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी स्पष्ट दिसू लागतात. दरवाजावरील लेख सांगतो की हे दान नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे, पुष्यणकाचे आहे.

४/१४
बहुतेक पर्यटक चैत्यगृह पाहून परततात. जवळच खडकात कोरलेला एक छोटा स्तूप मात्र त्यांच्या नजरेतून सुटतो. त्यावरील लेखानुसार तो गोभूती नावाच्या भिक्षूचा आहे. हा भिक्षू अरण्यात राहत असे आणि भिक्षेवर निर्वाह करीत असे. स्तूप करविला त्याच्या शिष्याने, आषाढमित्राने. ज्याच्याजवळ भिक्षापात्रापलीकडे काही नव्हते, त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण शिष्याला ते टिकावे असे वाटले.

५/१४
दुसरा मुक्काम लोहगड-विसापूरच्या पायथ्याचे भाजे. येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील, म्हणजे देशातील अतिप्राचीन चैत्यगृहांपैकी एक. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूस झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलण्यासाठी खांब तिरके रोवावे लागतात. डोंगरातच कोरलेल्या दालनाला त्याची गरज नव्हती. तरीही कारागिराच्या हाताने लाकडाची सवय सोडली नाही. छताच्या कमानींत तर खरेखुरे लाकूड बसवलेले आहे.

६/१४
चैत्यगृहाच्या दक्षिणेस चौदा स्तूपांचा समूह आहे. पाच आत, नऊ बाहेर. त्यांतील काहींवर थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, अशा उपाधीसह नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी आणि संघदिन ही त्यांपैकी दोन. या भिक्षूंचे चरित्र कोणत्याही ग्रंथात नाही. इतिहासात त्यांचा पुरावा एवढाच: एक गोल दगड आणि त्यावरील काही अक्षरे.

७/१४
इजिप्तशी तुलना येथे बोलकी ठरते. राजांच्या खोऱ्यातील थडगी बंद करून दडवण्यासाठी होती. आतील चित्रे आणि मंत्र मृत राजासाठी होते, पाहुण्यासाठी नव्हेत. भाज्याचे स्तूप उघड्यावर आहेत, येणाऱ्याने प्रदक्षिणा घालावी म्हणून. अर्थात इजिप्तमध्ये केवळ राजांचीच नावे उरली असे नाही. ही थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव, देर अल-मदीना, आणि तेथील असंख्य माणसांची नावे आज ज्ञात आहेत.

८/१४
तिसरा मुक्काम कार्ले. पायऱ्या चढताना सोबत एकवीरा आईच्या दर्शनाला निघालेले कोळी-आगरी भाविक असतात, कारण देवीचे मंदिर चैत्यगृहाच्या अगदी समोर आहे. चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने व्हरांड्यात लिहून ठेवले की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. आत उभे राहिल्यावर ही बढाई वाटत नाही.

९/१४
मात्र कार्ले एकट्या भूतपालाचे नाही. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तर विकणाऱ्याने, एक दरवाजा दिला. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वाराचे काम केले. लेखात त्याला 'वढकी' म्हटले आहे. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात, तो शब्द याच कुळातला. अनेक खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. हे पश्चिमेकडील परके लोक, पण नावे सिंहध्वजासारखी पूर्ण देशी.

१०/१४
कार्ल्याचे प्राचीन नाव वलूरक. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या भिक्षूंना करजिक हे गाव दिले. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पाडाव केला आणि त्याच करजिक गावाविषयी नवी राजाज्ञा याच लेण्यात कोरली गेली. राज्य बदलले, भिक्षूंचे गाव कायम राहिले. या आज्ञेत प्रदेशाचे नाव 'मामाल' असे येते. तोच आपला मावळ.

११/१४
याच संघर्षाची दुसरी साक्ष इजिप्तमधून येते. इ.स.च्या पहिल्या शतकात तेथील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे सागरी प्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. तो सांगतो की कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण आता तेथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. भडोचच्या राजाचे नाव तो 'मंबनोस' असे देतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच नहपान. भिक्षूंना गावाची काळजी, व्यापाऱ्याला जहाजाची, कलह एकच.

१२/१४
थडगी पाहण्याची हौसही जुनीच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस भूगोलकार स्ट्रॅबो रोमन सुभेदारासोबत लक्सरच्या परिसरात फिरला. त्याच प्रवासासंबंधी तो नोंदवतो की मायोस होर्मोस बंदरातून सुमारे १२० जहाजे भारताकडे जातात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या दुसऱ्या बंदरात २०२२ साली बुद्धाची ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती सापडली. वाट दुतर्फा होती.

१३/१४
त्या काळच्या पर्यटकांनी राजांच्या थडग्यांत ग्रीक आणि लॅटिन भाषांत दोन हजारांहून अधिक नोंदी खरवडल्या. आज त्या इतिहासाचे साधन मानल्या जातात. मग भाज्याच्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव लिहिणाऱ्या तरुणाला दोष का द्यावा? उद्या तोही पुरावा ठरेल, असा युक्तिवाद होतो. त्याचे उत्तर कार्ल्यातच आहे. करजिकच्या त्या राजाज्ञेचा आरंभीचा भाग नष्ट झाला आहे आणि त्याबरोबर राजाचे नावही. ती गौतमीपुत्र सातकर्णीची, हे अभ्यासकांना अनुमानाने ठरवावे लागले. चार अक्षरे गेली की राजासुद्धा हरवतो. गोभूतीला मग कोण शोधणार?

१४/१४
सामीने नाव कोरले ते काम केल्यावर. सिंहदत्ताने दरवाजा दिल्यावर. आषाढमित्राने तर स्वतःचे नाव गुरूच्या नावामागे ठेवले. खिळ्याने लिहिणारा मात्र काही देत नाही, उलट आधीचे अक्षर पुसतो. संरक्षित स्मारकाची अशी हानी केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायद्याआधी एवढे पुरेसे आहे: बेडश्याला जाणाऱ्याने तो छोटा स्तूप शोधावा, तेथे क्षणभर थांबावे आणि गोभूतीचे नाव मोठ्याने उच्चारावे. ते त्यासाठीच कोरले होते.