जठरांत्र रक्तस्राव, ऊर्ध्व

अन्ननलिका, जठर किंवा आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग) यांतून होणारा रक्तस्राव. रक्ताची वा काळपट उलटी आणि डांबरासारखी काळी, चिकट शौच ही मुख्य लक्षणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे आधी विचारावे.

सर्वांत नेहमीचे कारण जठरातील किंवा आद्यांत्रातील व्रण. त्यामागे बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू (शोधाबद्दल मार्शल व वॉरेन यांना २००५ चे नोबेल) किंवा अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामके असतात. जोराच्या ओकाऱ्यांनी अन्ननलिकेला पडलेली चीर आणि कर्करोग ही आणखी कारणे. यकृत सूत्रण रोगात (सिऱ्होसिस) अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव जिवावर बेततो. भारतात मात्र यकृत चांगले असूनही, पोर्टल शीर (आतड्यांतील रक्त यकृताकडे नेणारी) बंद पडल्याने, लहान मुलांतही अशा शिरा फुगलेल्या आढळतात. त्यामुळे रक्ताची उलटी म्हणजे दारूचाच परिणाम, हा सरसकट संशय अन्यायाचाच.

आधी सलाइन, गरजेनुसार रक्त देऊन रक्तदाब सावरतात. मग शक्यतो २४ तासांत दुर्बीण तपासणी (एंडोस्कोपी). हा त्रास उद्‌भवल्यास सकाळची वाट पाहू नये.

व्रणाची प्रतवारी फॉरेस्ट पद्धतीने (१९७४) करतात: उसळते रक्त, झिरपणारे रक्त, उघडी रक्तवाहिनी, गुठळी, स्वच्छ तळ. पहिल्या तिन्हींत दुर्बिणीतूनच क्लिप लावतात किंवा डाग देतात. अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जोडीला. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना रबरी कडी बसवतात.