तळटीप १४ : काटाटुम्बोची वीज

१४. ‘माराकाइबोचा दीपस्तंभ’ : हा बांधलेला दीपस्तंभ नव्हे. व्हेनेझुएलाच्या वायव्येकडील माराकाइबो सरोवरावर, काटाटुम्बो नदीच्या मुखाजवळ रात्री चमकणाऱ्या विजांना दर्यावर्दींनी दिलेले हे नाव आहे. या विजांचे मूळ खोऱ्याच्या घडणीत आहे. पश्चिमेला पेरिहा आणि आग्नेयेला मेरिदा या अँडीजच्या दोन रांगा सरोवराला कवेत घेतात. उत्तरेला मात्र कॅरिबियन समुद्राकडे वाट मोकळी आहे. दिवसा उन्हाने तापलेल्या उतारांवर हवा वर चढते, म्हणून दुपारचे ढग डोंगरांवर जमतात. रात्री उतार निवतात व गार हवा खाली घरंगळते. सरोवराचे पाणी मात्र उबदारच राहते. उत्तरेकडून खालच्या थरात वाहणारा वेगवान वारा बाष्प आणतो. डोंगरांनी अडवलेली ही दमट हवा सरोवरावर एकवटून वर उसळते आणि वादळी ढग उभे राहतात.

उपग्रहाच्या १६ वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार येथे दर चौरस किलोमीटरला वर्षाला सरासरी सुमारे २३३ विजा चमकतात आणि वर्षातल्या सुमारे २९७ रात्री वादळी असतात. जगात सर्वाधिक विजांचे ठिकाण हा मान त्यापूर्वी काँगो खोऱ्याकडे होता. लेखकाचा ‘अखंड’ हा शब्द मात्र शब्दशः घेऊ नये : जानेवारी-फेब्रुवारीत विजा ओसरतात, आणि २०१०च्या आरंभी दुष्काळात तर त्या काही आठवडे दिसल्याच नाहीत. — संपा.